पहिल्या रात्रीची खाट

मिस्त्री चिडला की भिंतीशी बोलायचा. माणसांशी भांडण्यापेक्षा ते बरं, भिंत उलटून बोलत नाही. पण त्या आठवड्यात तो भिंतीशी इतकं बोलला, इतकं बोलला, की शिडी धरून उभ्या असलेल्या मास्तरांनी शेवटी वर तोंड करून विचारलं, "अरे, तिला जरा वाळू तरी देशील का?"

"ती वाळेल," मिस्त्री म्हणाला. "रविवारनंतर आपण कुठं वाळत पडायचं ते सांगा."

मास्तरांनी मान खाली घालून शिडी आणखी घट्ट धरली. एरवी मास्तरांकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असायचं, आणि ते विचारायच्या आधीच द्यायचे. पण थोरले गेल्यापासून सगळ्या घराचीच वाचा बसली होती.

थोरले म्हणजे बिशप. बाहेरचं जग त्यांना बिशपस्वामी म्हणे, वर्तमानपत्रं आणखी काय काय म्हणत. घरात मात्र ते थोरलेच. घरात एक थोरला भाऊ असतो ना, धाकट्यांना धपाटा घालायचा हक्क असलेला आणि स्वतःच्या ताटातलं उचलून त्यांना देणारा, तसे. गोदीतल्या कामगारांचा संप झाला तेव्हा हा माणूस गोदीच्या फाटकापाशी पोलीस आणि कामगार यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसला होता. कुणी उठवायला आलं की म्हणे, "माझे गुडघे दुखतात, बाळा, तूच बस." संप मिटला तेव्हाच खुर्ची हलली. संत वगैरे म्हणाल तर थांबा. रागीट होते. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, इतकं बेसूर गायचे, की ऑर्गनवाली बाई मुद्दाम जोरात वाजवायची. फुटबॉलचा सामना असला की रेडिओपुढून त्यांना उठवायची कुणाची छाती नव्हती. गेलेही तसेच, बंगल्याच्या फाटकाशेजारच्या आपल्या खोलीत, खुर्चीत, रेडिओ चालू ठेवून. आपला संघ जिंकला की हरला हे त्यांना कळलं का, यावर घरात अजून वाद आहे.

आता तुम्ही म्हणाल, बिशप आणि फाटकाशेजारच्या खोलीत? तर तीच तर गंमत आहे.

बंगला त्यांचाच. उंच छताची दालनं, वरात चढेल एवढा रुंद जिना, खिडक्यांना रंगीत काचा. थोरले नवे बिशप म्हणून आले, त्याच वर्षी थंडीत फाटकापाशी एक माणूस खोकत पडलेला त्यांना दिसला. हॉस्पिटलातून सुट्टी मिळालेली आणि जायला घर नाही. थोरल्यांनी त्याला हाताला धरून वर नेलं, स्वतःच्या खाटेवर धुतलेली चादर घातली, त्याला झोपवलं आणि स्वतः खुर्चीत अंग मुडपून पडले. सकाळी तो माणूस जागा झाला. बिशपची मान एका बाजूला वाकडी झालेली बघून म्हणाला, "अहो, तुम्ही कुठं झोपलात?"

थोरले हसले. म्हणाले, "विचारलंस ना? मग आता तू पाहुणा नाहीस. चल, धर खाट. तुझी जागा बघू."

तेव्हापासूनची ही रीत. घरात नवा माणूस आला, मग तो हॉस्पिटलातून आलेला असो, तुरुंगातून आलेला असो की गुत्त्यातून, पहिल्या रात्री कुणीतरी त्याला आपली खाट द्यायची आणि आपण जमिनीवर पथारी टाकायची. नव्यानं सकाळी आपणहून विचारायचं, तुम्ही कुठं झोपलात. त्याला आधी काही सांगायचं नाही, खुणावायचं नाही. कुणी पहिल्याच सकाळी विचारतं, कुणाला वेळ लागतो. एकदा एक खलाशी आला होता, त्यानं इतके दिवस घेतले की खाटेच्या मालकाची पाठ धरली. सगळे थोरल्यांकडे तक्रार घेऊन गेले. थोरले म्हणाले, "थांबा की. विचारेल." आणि विचारलं हो त्यानं, ढसाढसा रडत विचारलं. मग दोघांनी मिळून खाट उचलायची, नव्याची जागा लावायची, की झाला तो घरचा. असा बंगला भरत गेला आणि थोरले सरकत सरकत फाटकाशेजारच्या खोलीत जाऊन पोचले. त्यांचं बघून दुसऱ्या दोन शहरांतल्या बिशपांनीही, आधी पोटभर हसून घेतल्यावर, आपापल्या बंगल्यांची दारं उघडली.

मिस्त्री या घरात आला तेव्हा त्याला स्वतःचे पायसुद्धा नीट सापडत नव्हते. दारूनं काम गेलं होतं, बायको आधीच देवाघरी गेली होती, लेक सासरी निघून गेली होती आणि बापाचं नाव काढत नव्हती. त्याला खाट दिली मास्तरांनी. मास्तरही कधीकाळी त्याच बाटलीतले, पण ते कसे, पिऊनसुद्धा व्याकरण सोडत नसत. मिस्त्रीनं प्रश्न विचारायला बराच वेळ लावला. पण विचारला, आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवला नाही. थोरल्यांनी त्याच्या हातात थापी दिली आणि म्हणाले, "गिलावा सगळीकडे सुटलाय. तुझ्यासारखाच आहे. लाग कामाला."

मग एका रविवारी लेक आली. बरोबर तिची छोटी मुलगी, आईच्या घोट्याला चिकटलेली. सगळे तिला चिमणी म्हणत. त्या दिवसापासून दर रविवारी मिस्सा झाली की दोघी येत आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसत. वर कधी आल्या नाहीत. लेकीनं पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "बाबा, आईंना मी सांगितलंय की तुम्ही बिशपच्या बंगल्याचे मुख्य गवंडी आहात. इथं कामाला आहात असं. राहता असं नाही."

आई म्हणजे तिची सासू, मिस्त्रीच्या विहीणबाई. सगळी हयात हॉस्पिटलात मेट्रन म्हणून गेली. दारूनं पिवळी पडलेली माणसं वॉर्डात येताना, जाताना आणि पुन्हा येताना बघून बघून त्यांचं मन या एका बाबतीत दगड झालं होतं. दारुड्याची सावली घरावर नको, हा त्यांचा कायदा. कळलं तर रविवार बंद, चिमणी बंद. मिस्त्रीनं लेकीला शब्द दिला होता, "मी मिठाची गुळणी धरतो." आणि धरलीही होती.

तर थोरले गेले, आणि कारभारी फादर घरी आले. हे बिशपांच्या कचेरीतले फादर. माणूस वाईट नव्हता, पण काळजी त्याच्या अंगाला चिकटलेली. चष्म्याची काडी चावत म्हणाले, "हे बघा, नवे बिशप नेमले गेलेत. त्यांना राहायला जागा हवी की नको? बिशपनं काय भाड्याच्या खोलीत राहायचं? रविवारी मिस्सानंतर ते घर बघायला येतील, मग ठरवतील. तुमची काहीतरी व्यवस्था बघू म्हणे. तोवर जरा नीटनेटकं ठेवा."

बघू म्हणे! घर गेलं तर बाकीच्यांचं जे व्हायचं ते होईल, पण मिस्त्रीचं काय होणार हे मिस्त्रीला स्वच्छ दिसत होतं. कुठल्या तरी धर्मशाळेतली रांग, कोपऱ्यावरचा गुत्ता आणि बंद झालेला रविवार.

घर चालवणाऱ्या सिस्टर त्या वेळी असत्या तर पुढचं काही घडलंच नसतं. सिस्टर अंगानं काडीएवढ्या, पण त्यांच्या जिभेपुढं भलेभले सुतासारखे सरळ होत. नेमक्या त्या आपल्या मठात एका आजारी वडीलधाऱ्या सिस्टरची सेवा करायला गेल्या होत्या. मग काय, जेवणाच्या दालनात सभा भरली आणि अध्यक्ष कोण? मास्तर.

"नवे येणार आहेत," मास्तर म्हणाले. "आपल्या घरी नवा माणूस येतो तेव्हा आपण काय करतो?"

"खाट देतो," सगळे म्हणाले.

"कुणाची?"

झालं! भांडण पेटलं. जो तो म्हणे माझी. खलाशी म्हणाला माझी खाट खिडकीपाशी आहे, बिशपला वारा लागेल. मास्तर म्हणाले माझ्या खाटेला परंपरा आहे. एक आजोबा तर काठी आपटत म्हणाले, थोरल्यांनी स्वतः उचललेली खाट एकच, ती माझी, आता बोला! आवाज इतका चढला की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. शेवटी मिस्त्री वैतागून ओरडला, "अरे मग सगळ्यांनीच द्या ना! हा भांडायचा विषय आहे का?"

आजोबांची काठी वरच्यावर थांबली. आणि मग सगळ्यांचे चेहरे उजळले. सगळ्यांनीच! हे कुणाला सुचलंच नव्हतं. एक खाट तर कुणालाही देतो आपण, थोरल्यांच्या जागी येणाऱ्याला सगळं घरच देऊ. घर बघून ते विचारतील, तुम्ही कुठं झोपलात, आणि मग काय, सगळं आपोआप मार्गी लागेल. घराबाहेरच्या माणसाला ही रीत ठाऊक नसते, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं या घरात येणाऱ्या प्रत्येकानं तोच प्रश्न विचारला होता, त्यांना वाटे जगभर लोक असंच करतात.

मग लोकांनी जिवाचं रान केलं. खाटा, गाद्या, कुबड्या, औषधाच्या बाटल्या, दोरीवरचे कपडे, सगळं परसातल्या जुन्या गाडीखान्यात नेऊन टाकलं. तिथंच पथाऱ्या पडल्या. मिस्त्रीनं भिंतींच्या भेगांत लांबी भरली, घासल्या, रंगवल्या. दाराच्या चौकटींना ऑइलपेंटचा असा हात दिला, की मास्तर त्यात बघून दाढी करू लागले. फरशी पुसून पुसून आरसा केली. शनिवारी संध्याकाळी मिस्त्री रिकाम्या दालनात उभा राहिला आणि त्याला आपल्याच कामाचा अभिमान वाटला, अगदी ऊर भरून. इतकं सुंदर त्यानं उभ्या जन्मात काही केलं नव्हतं.

रविवारी सकाळी सिस्टर परतल्या. हातातली पिशवी न ठेवताच त्या जिना चढून वर गेल्या, एक दालन बघितलं, दुसरं बघितलं, आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"अरे, माणसं कुठं गेली इथली? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

सगळ्यांनी मिस्त्रीकडे बघितलं.

"सिस्टर, आपली रीतच की," मिस्त्री म्हणाला.

"तुझी रीत त्यांना कुणी सांगितलीय, शहाण्या? रिकामं घर दाखवलंस तर माणूस काय समजेल?"

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. पण आता बोलून काय उपयोग, फाटकात गाडी लागली होती. आणि गाडीच्या मागून, रविवारचे ठेवणीतले कपडे घालून, लेक येत होती. तिच्या कडेवर चिमणी. आणि शेजारी, पाठीत काठी घातल्यासारख्या ताठ, विहीणबाई.

"नवे बिशप बघायला मिळतील म्हटलं," विहीणबाई मिस्त्रीला म्हणाल्या. "आणि तुमचं कामही. सून फार कौतुक करते."

लेकीनं बापाकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ सांगायला नको.

नवे बिशप गाडीतून उतरले ते शिंकतच. उंच, किडकिडीत, जरा वाकून चालणारा माणूस, आपण कुणाच्या तरी वाटेत येतोय असं सारखं वाटत असल्यासारखा. रंगाच्या वासानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सगळी मंडळी व्हरांड्यात धुतल्या कपड्यांत ओळीनं उभी. स्वागताला आलेली चर्चची मंडळी समजून प्रत्येकाशी हात मिळवत ते आत गेले, मागून कारभारी फादर, त्यांच्या मागे मास्तर, आणि मग बाकीचा लवाजमा. विहीणबाईसुद्धा. कुणाची हिंमत होती त्यांना थांबवायची?

दालनामागून दालन. पावलांचा आवाज घुमत होता. खाटा असताना तो कधी घुमला नव्हता. नवे बिशप प्रत्येक दारात थांबायचे, आत बघायचे, शिंकायचे आणि पुढे जायचे. वरच्या मोठ्या दालनात ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"फार सुंदर ठेवलंय," ते म्हणाले. "इथं राहतं कोण?"

मास्तरांनी घसा साफ केला. आठवडाभर घोकलेलं वाक्य त्यांच्या तोंडून घरंगळत आलं, "आपण, बिशपस्वामी. आजपासून आपणच."

नव्या बिशपांचा चेहरा पडला. मिस्त्रीनं तो स्पष्ट पडताना पाहिला.

"असं होय," ते हळू आवाजात म्हणाले. "मी ऐकलं होतं की इथं... म्हणजे ते सगळं आता संपलं तर."

"स्वखुशीनं जागा रिकामी केली त्यांनी," कारभारी फादर म्हणाले. त्यांचा आवाज इतका हलका झाला होता की खोटं बोलतायत असं वाटेना. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. सुंठीवाचून खोकला गेला, बिचाऱ्यांना आणखी काय हवं! "काही त्रास नाही, वाद नाही. सामान हलवायला उद्यापासून माणसं लावू का?"

मंडळी एकमेकांची तोंडं बघू लागली. ती वाट बघत होती, प्रश्नाची. तुम्ही कुठं झोपलात? आता विचारतील, मग विचारतील. सिस्टर बोलायला पुढे झाल्या, पण कारभारी फादरनी त्यांना अदबीनं बाजूला घेतलं, "नंतर, सिस्टर, नंतर बोलू." नवे बिशप वळले आणि जिना उतरायला लागले. खाली गाडी उभी होती.

मिस्त्रीनं मनात हिशेब मांडला. बोललो नाही तर घर जातं. बोललो तर ह्या ताठ बाईच्या देखत बोलावं लागणार, आणि लेकीला दिलेला शब्द जाणार, आणि चिमणी जाणार. कुणीतरी दुसरं बोलेल, त्यानं स्वतःला सांगितलं. मास्तर बोलतील. पण मास्तर, आयुष्यात पहिल्यांदाच, मूग गिळून उभे होते. आणि घर रिकामं करायची अक्कल कुणी काढली होती? मास्तरांनी नव्हे.

त्यानं लेकीकडे बघितलं आणि नुसते ओठ हलवले, "चुकलो, बाई." मग तो जिन्याच्या तोंडाशी गेला.

"स्वामी!" आवाज जरुरीपेक्षा मोठा निघाला. "तुमचा एक प्रश्न विचारायचा राहिला."

नवे बिशप मधल्या पायरीवर थांबले. "कुठला?"

"आम्ही कुठं झोपलो, हा."

"आम्ही म्हणजे?"

"म्हणजे हे सगळे. हे मास्तर, तो खलाशी, ते आजोबा." मिस्त्रीनं बोट स्वतःच्या छातीकडे वळवलं. "आणि मी. मी इथला गवंडी आहेच, पण मी राहतो इथं. दारूनं रस्त्यावर आलो होतो, थोरल्यांनी आत घेतलं. हे घर आम्ही सोडलेलं नाही, स्वामी. तुम्हाला दिलंय. नवा माणूस आला की पहिल्या रात्री आपली खाट त्याला द्यायची, अशी आमची रीत आहे. कुणाची द्यायची यावरून भांडणं झाली, म्हणून सगळ्यांनीच दिली. खाटा मागं गाडीखान्यात आहेत. आम्हीही तिथंच आहोत. अक्कल माझी होती."

विहीणबाईंकडे बघायची मिस्त्रीची छाती झाली नाही. फक्त चिमणीचा आवाज आला, "आजोबा ओरडले," आणि लेकीनं तिला "श्श" केलं.

नवे बिशप खाली उतरले. गाडीकडे गेले नाहीत, परसात गेले. गाडीखान्याचं दार ढकलून आत बघत ते बराच वेळ उभे होते. एकावर एक रचलेल्या खाटा, कुबड्यांची मोळी, जमिनीवर घड्या घालून ठेवलेल्या पथाऱ्या, आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी वाळत घातलेल्या मोज्यांची जोडी. बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि यावेळी रंगाचा वास तिथपर्यंत पोचत नव्हता.

"मी वाटभर घाबरत आलो," ते म्हणाले. "हे घर बंद करायचं नाही हे मी निघतानाच ठरवलं होतं. मला घेतील का इथं, एवढीच भीती होती. थोरल्यांच्या जागी कुणीही उपराच वाटतो. आणि रिकाम्या खोल्या बघितल्या तेव्हा वाटलं, माझं तोंडसुद्धा बघायला नको म्हणून निघून गेले सगळे." मग त्यांनी बाह्या वर सारल्या. "बरं, आता प्रश्न विचारून झाला असं धरा. पुढे काय करायचं असतं?"

"खाट उचलायची," मास्तर म्हणाले. त्यांना वाचा फुटली होती.

"पण स्वामी, आपण राहणार कुठं?" कारभारी फादर कळवळून म्हणाले.

"ते हे लोक बघतील. त्यांना अनुभव आहे. तुम्ही ते टोक धरा, फादर, जड दिसतंय."

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. बिशप आणि मास्तर एका खाटेला, कारभारी फादर चष्मा खिशात घालून खलाशाबरोबर दुसरीला. आजोबा काठी उंचावून हुकूम सोडतायत, सिस्टर गाद्या झटकतायत, आणि सगळे हसतायत, खूप दिवसांनी.

मिस्त्री हसत नव्हता. त्यानं ढिगातून आपली खाट काढली आणि कुणाकडेही न बघता एकटाच ओढत निघाला. घर वाचलं होतं. रविवार मात्र गेला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दारात खाट अडकली. ढकलली तर तिचा लोखंडी कोपरा चौकटीच्या नव्या ऑइलपेंटवरून करकरत गेला आणि हातभर लांब ओरखडा उठला. मिस्त्री तसाच उभा राहिला. ना पुढे, ना मागे.

दुसऱ्या टोकाला वजन हलकं झालं. त्यानं वर बघितलं. पदर खोचून, दोन्ही हातांनी खाटेचे पाय धरून, लेक उभी होती.

"उचला ना, बाबा," ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"अगं, तुझ्या सासूबाई..."

"उचला म्हणते ना."

"आडवी कशाला घालताय?" मागून खणखणीत आवाज आला. विहीणबाई. चिमणीला कडेवर घेऊन त्या दारात येऊन ठाकल्या होत्या. "उभी करा! कुशीवर! शेकड्यांनी खाटा हलवल्यात मी, अशी कधी जायची नाही ती. हां, आता आधी पाय आत. भिंत सांभाळा, व्याही, तुमचीच आहे ना?"

खाट आत गेली. जिना चढून वर गेली, खिडकीजवळच्या मिस्त्रीच्या जागेवर जाऊन बसली. लेकीनं गादी टाकली. विहीणबाई मागोमाग आल्या, आणि जन्मभराच्या सवयीनं त्यांनी आधी चादरीचा कोपरा उचलून बघितला, मग तळहातानं गादी दाबली.

"किती दिवस झाले सोडून?" त्यांनी विचारलं. गादीकडे बघूनच.

"इथं माझी खाट लागली त्या दिवसापासून नाही घेतली," मिस्त्री म्हणाला. "चिमणीला घास भरवायला लागलात ना तुम्ही, त्याच्याही आधीपासून."

विहीणबाईंनी चादरीचा कोपरा नीट खोचला. मग सुनेकडे वळल्या. "तू मला खोटं सांगितलंस."

"हो, आई."

"त्याचं घरी गेल्यावर बघू." त्यांनी पुन्हा गादी दाबली, आणखी जोरात, जणू सगळा राग तिच्यावरच होता. "आणि व्याही, ही गादी आहे का पायपुसणं? या वयात हिच्यावर झोपून पाठीचं काय व्हायचं? माझ्या वॉर्डात असली गादी दिसली असती तर मी कुणाची धडगत ठेवली नसती. पुढच्या रविवारी आमच्याकडची एक घेऊन येते. आणि त्या जिन्याचा कठडा हलतोय, तो आधी पक्का करा. पोरगी आता वर-खाली पळणार, पडली म्हणजे?"

चिमणीनं मिस्त्रीकडे हात पसरले. त्याला 'करतो' म्हणायचं होतं, 'आजच करतो' म्हणायचं होतं. पण त्यानं नातीला घेतलं, तिच्या इवल्याशा खांद्यावर कपाळ टेकलं आणि सगळ्यांच्या देखत, काही न लपवता, मनसोक्त रडला.